पद्मा, पलाश आणि मी गाळलेलं वाक्य



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. विषय युद्धाचा आहे, पण निमित्त एका पोरीच्या प्रश्नाचं आहे.

काही वर्षांपूर्वी १६ डिसेंबरला आमच्या जवळच्याच एका गावातल्या शाळेत विजय दिनाचं भाषण करायला मला बोलावलं होतं. निवृत्त शिक्षकाला अशी बोलावणी येतात, शाल-श्रीफळ मिळतं, आणि आपलाही वेळ बरा जातो. नेहमीचं कराची, 'विक्रांत' आणि ढाक्याची शरणागती पोरांना पाठ असते. म्हणून मी ठरवलं, यंदा काहीतरी वेगळं सांगावं. नुकतंच कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांचं 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक वाचलं होतं. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर त्यांनी ते लिहिलं आहे. इंग्रजी आहे, आणि माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. तर त्या सामंतांची नदीतल्या लढाईची गोष्ट मी पोरांना सांगितली. शेवटाकडे आलो तेव्हा म्हणालो, "हवाई हल्ल्यात दोन बोटी बुडाल्या, पण आपले वीर डगमगले नाहीत."

टाळ्या झाल्या. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुम्हीच मघाशी सांगितलं की पाकिस्तानची तिकडची विमानं पहिल्या तीन-चार दिवसांतच बंद पडली. मग दहा तारखेला हल्ला कोणाच्या विमानांनी केला?"

मंडळी, बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. इतका बिनचूक प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. आणि उत्तर मला माहीत होतं! तरी मी म्हणालो, "बाळ, लढाईत सगळंच होतं." ती खाली बसली. तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की तिला उत्तर मिळालेलं नाही.

ते उत्तर आज लिहितो आहे. पण त्यासाठी गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्या जिल्ह्याला पाणी म्हणजे दक्षिणेला गोदावरी, आणि बाकी पूर्णा, दुधना, कुंडलिका अशा नद्या. लहानपणी शहागडला मामाकडे जायचो. जायकवाडी व्हायच्या आधीचे ते दिवस. पावसाळ्यात गोदामाई दुथडी भरून वाहायची आणि उन्हाळ्यात आम्ही वाळू तुडवत पलीकडे जायचो. नदीत लढाऊ जहाजं चालतात, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलोच असतो.

पण बंगालची नदी वेगळी. पद्मा, मेघना, ब्रह्मपुत्रा आणि त्यांचे शेकडो फाटे. दक्षिणेला सुंदरबनात तर नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हेच कळत नाही. भरतीच्या वेळी, म्हणजे दिवसातून दोनदा, पाणी उलटं वाहतं. पूर्व पाकिस्तानात रस्त्यांपेक्षा नद्याच जास्त वाहत्या होत्या. धान्य, तेल, दारूगोळा, आणि परदेशी जाणारा ताग हे सगळं पाण्यावरून. मोठी बंदरं दोनच. पूर्वेला चितगाव आणि पश्चिमेला पशुर नदीवरचं चालना-मोंगला. मोंगल्याहून नदीनं वर गेलं की खुलना लागतं.

नदीवरची गनबोट ही तशी जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी झाली, तेव्हा मिसिसिपी नदीवर दोन्ही बाजूंनी तोफनौका लढल्या. १८६३ साली विक्सबर्ग पडलं, त्यात त्या बोटींचा मोठा वाटा होता. आपल्याकडे शिवाजी महाराजांची गलबतंसुद्धा खाडीच्या उथळ पाण्यात शिरतील अशीच असत. घरातल्या माणसांचं युद्ध पेटलं की ते समुद्रावरून नदीत आणि नदीतून लोकांच्या दारात येतं, असं हे सगळं वाचताना वाटतं.

१९७१ चं युद्धही डिसेंबरपर्यंत यादवीच होतं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. त्या वेळी 'मांग्रो' नावाची पाकिस्तानची पाणबुडी फ्रान्समध्ये तुलाँ बंदरात होती. तिच्यावरच्या काही बंगाली नौसैनिकांनी रेडिओवर ही बातमी ऐकली आणि जहाज सोडून पळ काढला. त्यांतले आठ जण स्पेनमार्गे एप्रिलमध्ये दिल्लीला पोचले. काल ज्या आरमाराचा गणवेश अंगावर होता त्याच्याच विरुद्ध लढायला ते आले होते.

त्यांच्यासारख्यांना घेऊन गुप्त मोहीम उभी करायचं काम नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाकडे आलं. विभागाचे प्रमुख होते कॅप्टन मिहिर रॉय, आणि प्रत्यक्ष मोहिमेची सूत्रं कमांडर सामंत यांच्याकडे. सामंत स्वतः पाणबुडीतले. १९६९ साली नौदलात दाखल झालेल्या 'करंज' पाणबुडीचे ते पहिले कप्तान. म्हणजे पळून आलेले ते पाणबुडीवाले आणि त्यांना घडवणारा अधिकारी, एकाच धंद्यातले.

भागीरथीच्या काठी प्लासीजवळ छावणी पडली. हो, तीच १७५७ ची प्लासी! तिथं चारशेहून जास्त बंगाली तरुणांना, त्यांत बरेच विद्यार्थी, नदीत रात्रीचं पोहायला आणि जहाजाच्या तळाला सुरुंग चिकटवायला शिकवलं. सुरुंग छातीशी गमछानं बांधायचा आणि नुसतं नाक पाण्यावर ठेवून पोहत जायचं. ऑगस्टच्या मध्याला एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत स्फोट झाले. निघायचा इशारा काय होता, तर आकाशवाणी कलकत्त्यावर लागणारी ठरावीक गाणी. आम्ही इकडे तोच रेडिओ कानाला लावून बसत होतो. तिकडे त्यातल्या एका गाण्यावर पोरं पाण्यात उतरत होती.

पण नुसत्या पोहणाऱ्यांनी भागेना. मग कलकत्ता बंदराच्या दोन साध्या बोटी घेतल्या. त्यांच्यावर बोफोर्स कंपनीच्या ४० मिलिमीटरच्या दोन-दोन तोफा बसवल्या आणि पाण्यात सुरुंग पेरायची सोय केली. (बोफोर्स म्हटलं की आपल्याला १९८० नंतरचा गाजावाजा आठवतो. ही त्याच स्वीडिश कंपनीची फार जुनी तोफ.) नावं ठेवली 'पद्मा' आणि 'पलाश'. पलाश म्हणजे आपला पळस. आजही बांगलादेशचं नौदल आपली सुरुवात याच दोन बोटींपासून मोजतं.

त्यांच्यावरच्या आयुष्याची कल्पना करून बघा. युद्धनौका म्हणून बांधलेली बोट नाही, त्यामुळे अंगाला चिलखत नाही. कप्तान आणि काही माणसं भारतीय नौदलातली, बाकीचे पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली. ते कप्तान म्हणजे लेफ्टनंट कमांडर रॉय चौधरी आणि लेफ्टनंट मित्तर. समुद्रावरच्या अधिकाऱ्याला चहूकडे क्षितिज दिसतं. इथं दोन्ही अंगांना खारफुटीचं रान, वळणापलीकडे काय आहे कळायला मार्ग नाही, आणि काठावरून कोणीही बंदूक रोखू शकतो. भरती-ओहोटीचं गणित चुकलं की बोट गाळात रुतलीच. ज्या अधिकाऱ्याची सगळी हयात खोल पाण्यात गेली, त्याला आता पायाखाली किती हात पाणी आहे हे बघत पुढं सरकायचं होतं. नोव्हेंबरमध्ये या बोटींनी पशुर नदीच्या वाटेवर सुरुंग पेरले. एका ब्रिटिश मालवाहू जहाजाला बंदराकडे न जाता परत फिरावं लागलं. जगाच्या दृष्टीनं तेव्हा भारत युद्धात नव्हताच. त्यामुळे यातलं काही वर्तमानपत्रात यायचा प्रश्नच नव्हता.

३ डिसेंबरला उघड युद्ध सुरू झालं. आता सामंतांच्या हाताखाली चार बोटी होत्या. 'पद्मा', 'पलाश', सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा' आणि नौदलाची छोटी गस्ती नौका 'पनवेल'. पनवेल म्हटलं की आपल्याला एसटी स्टँड आठवतो! पण या नावाची एक बोट खुलन्याच्या दारात लढून आली आहे, हे त्या स्टँडवर उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल? तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा.

सुंदरबनातून वाट काढत हा ताफा निघाला. विमानातून आपल्या बोटी ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर पिवळी खूण केली होती. ९ डिसेंबरला ताफा पशुर नदीत शिरला. त्याच रात्री इकडे अरबी समुद्रात दीवजवळ आपली 'खुकरी' बुडाली. १० तारखेला सकाळी सामंतांनी मोंगला गाठलं आणि बंदर घेतलं. 'चित्रांगदा' तिथं राहिली. उरलेल्या तिन्ही बोटी घेऊन ते खुलन्याकडे निघाले. तिथं पाकिस्तानी नौदलाचा तळ होता आणि काठावर फौज मोर्चे धरून बसली होती.

दुपारच्या सुमाराला, खुलन्याची जहाजगोदी जवळ आली असताना, आकाशात तीन विमानं दिसली. नॅट जातीची. म्हणजे भारतीय हवाई दलाची.

हे ते उत्तर. विमानं आपली होती.

आपली आहेत हे बोटींवरच्यांनी ओळखलं होतं. तोफा होत्या, गोलंदाज तयार होते. पण गोळी झाडू नका असा हुकूम झाला. विमानं वळली आणि खाली आली. आधी 'पद्मा' गेली, मग 'पलाश'. वैमानिकांना खालच्या बोटी शत्रूच्या वाटल्या. खुलना शत्रूच्या ताब्यात होतं आणि तिथल्या नदीत आपल्या बोटी इतक्या वर आल्या असतील हे त्यांच्या मनातही नसावं. मी त्या वैमानिकांना दोष द्यायला बसलेलो नाही. एवढ्या वेगानं जाणाऱ्या विमानातून बोट किती क्षण दिसत असेल?

पाण्यात पडलेल्या माणसांवर आता काठावरून शत्रूचा गोळीबार सुरू झाला. वाचलेली बोट एकच, 'पनवेल'. सामंत आणि नोरोन्हा तिथून निघून गेले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. ते थांबले, पाण्यातली माणसं वर ओढून घेतली आणि शत्रूशी लढतही राहिले. बुडालेल्या बोटीवरचा लीडिंग सीमन चिमणसिंग स्वतः जखमी होता. तरी त्यानं साथीदारांना वाचवलं, ते निसटावेत म्हणून गोळीबार स्वतःवर ओढून घेतला आणि शत्रूच्या हाती सापडला. युद्ध संपल्यावर त्याची सुटका झाली. सामंत, नोरोन्हा आणि चिमणसिंग या तिघांनाही महावीर चक्र मिळालं. रॉय चौधरी आणि मित्तर यांना वीर चक्र. एका छोट्या ताफ्याला एवढे सन्मान! आणि आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही.

'पलाश'च्या इंजिनखोलीत मोहम्मद रुहुल अमीन नावाचा नौसैनिक होता. नोआखालीचा. १९५३ साली पाकिस्तानी नौदलात भरती झालेला आणि १९७१ साली ते सोडून आलेला. बोट सोडायचा हुकूम झाला तरी तो इंजिन वाचवायची धडपड करत राहिला, असं बांगलादेशात सांगतात. शेवटी जखमी होऊन तो पाण्यात पडला आणि कसाबसा काठाला लागला. काठावर त्याला रझाकारांनी पकडून मारलं. रूपसा नदीच्या काठी त्याची कबर आहे. 'बीरश्रेष्ठ' हा बांगलादेशचा सर्वोच्च शौर्यसन्मान ज्या सात जणांना मिळाला, त्यांतला तो एक.

रझाकार! हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मराठवाड्यातल्या माणसाला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९४७-४८ साली निजामाच्या राज्यात कासीम रझवीच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला. तेव्हा आमचे आजोबा घरादाराला कुलूप लावून, बैलगाडीत बायकापोरं घालून हद्दीपलीकडे देऊळगाव राजाकडे गेले होते. आई ते सांगताना आवाज खाली आणायची, इतक्या वर्षांनीही. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो. माझी समजूत होती की तो शब्द तिथंच संपला. पण मे १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात त्याच नावाचं दल उभं राहिलं, आणि त्याची सुरुवातच खुलन्यात झाली. मूळ शब्दाचा अर्थ नुसता 'स्वयंसेवक'. शेजाऱ्याच्या हातात बंदूक देऊन त्याला शेजाऱ्यावर सोडलं की त्या शब्दाचं काय होतं, ते आम्हीही पाहिलं आणि त्यांनीही.

आणि म्हणूनच मला माझ्या त्या भाषणाची जास्त लाज वाटते. सामंतांना महावीर चक्र देताना जे सन्मानपत्र लिहिलं गेलं, त्यात हवाई हल्ल्याचा उल्लेख आहे, पण विमानं कोणाची ते नाही. ते मी समजू शकतो. युद्ध नुकतंच संपलं होतं, मोहीम गुप्त होती. पण पुढे नौदलानं ते लपवून ठेवलं नाही. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात ही गोष्ट आलेली आहे. स्वतः सामंतांच्या पुस्तकात आहे. बांगलादेशात तर पोरासोरांना माहीत आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन बोटी आपल्याच विमानांनी बुडवल्या, त्याला ती सांगायचा संकोच वाटला नाही. मग जालना जिल्ह्यातल्या एका निवृत्त मास्तराला का वाटावा?

मी मनाशी कारण दिलं होतं की विजय दिन आहे, पोरं लहान आहेत, वाईट परिणाम होईल. हे खरं नाही. खरं कारण म्हणजे टाळ्या. गोष्ट रंगली होती आणि ती मला शेवटपर्यंत रंगवायची होती.

त्यात गंमत अशी की ते एक वाक्य गाळल्यामुळे गोष्टीतलं सगळ्यात मोठं शौर्यच मी गाळलं. शत्रूचं विमान अंगावर आल्यावर तोफ डागणं हे सैनिकाचं कामच आहे. पण वरचा माणूस आपला आहे, तो चुकतो आहे, आणि आपण मरणार आहोत हे दिसत असताना तोफेवरचा हात काढून घेणं? आणि त्यानंतर, ज्यांच्या विमानांनी हे केलं त्यांच्याच बाजूनं, त्याच दुपारी, पुन्हा लढायला उभं राहणं? रुहुल अमीनच्या जिवलगांनी आपल्याला दूषणं दिली असती तर आपण काय बोलणार होतो? पण त्यांनी 'पद्मा', 'पलाश'वरच्या भारतीयांना आपल्या इतिहासातून काढून टाकलं नाही. हे सगळं त्या पोरीला सांगता आलं असतं. मी तिला "लढाईत सगळंच होतं" एवढंच दिलं.

खुलन्याची पाकिस्तानी फौज १७ डिसेंबरला शरण आली, ढाक्यानंतर एक दिवसानं. जालन्यात तेव्हा मी कॉलेजात होतो. १६ तारखेच्या संध्याकाळी शेजारच्या वाण्याच्या दुकानातल्या रेडिओभोवती ही गर्दी! गुळाचे खडे वाटले गेले होते. सामंत हे नाव त्या दिवशी कोणी ऐकलं नाही, आणि पुढची कित्येक वर्षं ऐकलं नाही. २० मार्च २०१९ ला मुंबईत ते वारले. वय ८९. त्यांचं पुस्तकही त्याच वर्षी आलं.

गेल्या डिसेंबरात त्या शाळेत पुन्हा गेलो होतो. ती मुलगी आता तिथं नाही, बारावी होऊन पुढे कुठेतरी शिकायला गेली असं कळलं. मी मुख्याध्यापकांना विनंती केली आणि नववीच्या वर्गावर एक तास घेतला. फळ्यावर पशुर नदी काढली, मोंगला काढलं, खुलना काढलं. या वेळी विमानं कोणाची होती ते सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. एका पोरानं विचारलं, "मग त्या पायलटना नंतर कळलं का सर?"

मी म्हणालो, "ते मला माहीत नाही." आणि तास संपला.

असो. ती मुलगी कधी हे वाचेल की नाही, सांगता येत नाही. वाचलंच तर, बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. उशिरा उत्तर देतो आहे, तेवढं पदरात घे.